रोंदा येथील वळूंचें रिंगण

गेल्या उन्हाळ्यांत आमचा एक पुतण्या सुटीसाठीं घरीं आला होता. दोन वर्षांपासून तो स्पेन देशांत शिकत आहे. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर घरांतील सर्व लहानथोर माणसें माजघरांत जमलीं आणि त्यानें आणलेलीं छायाचित्रें हातोहात फिरूं लागलीं. त्यांतील एका चित्रावर आमच्या मातुःश्रींची दृष्टि खिळली. मधाच्या रंगाच्या दगडाचें एक विस्तीर्ण वर्तुळ. त्याच्या भोंवतीं कमानींच्या दोन रांगा, एकीवर एक. वर कौलारू छप्पर. आणि मध्यें पिंवळ्या वाळूचें निर्मनुष्य अंगण. "हें कोणतें देऊळ रे बाळ?" असें त्यांनीं विचारलें. "देऊळ नव्हे, आजी. येथें माणूस आणि वळू यांची झुंज लावतात," असें तो म्हणाला. "मग त्या मुक्या जिवाचें पुढें काय होतें?" मुलगा क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "त्याला मारतात." मातुःश्रींनीं तें चित्र खालीं ठेवलें आणि त्या निजावयास निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, सप्टेंबरांत त्या गांवीं मोठी जत्रा भरते. मित्रमंडळी माझेंही तिकीट काढणार आहेत. जाऊं कीं नको? आजीचा रात्रींचा चेहरा पाहिल्यापासून कांहीं सुचत नाहीं." विशी ओलांडलेल्या मुलास 'नको' म्हणणें सोपें असतें, पण नुसत्या नकारानें त्याची समजूत पटत नाहीं, आणि नुसता होकार देऊन वडील माणसांची जबाबदारीही संपत नाहीं. म्हणून आम्हीं त्याच्याकडून थोडी मुदत मागून घेतली आणि त्या रिंगणाची हकीकत वाचून काढली. आजकाल घरोघरचीं मुलें परदेशीं असतात, व तेथल्या चालीरीतींपैकीं कोठें सामील व्हावें आणि कोठें हात जोडून दूर राहावें, हा प्रश्न त्यांना पदोपदीं पडतो. तेव्हां पुतण्यास द्यावयाचें उत्तर येथेंच लिहावें, म्हणजे तें इतर घरांसही कदाचित् उपयोगीं पडेल, असें आम्हांस वाटलें.

रोंदा हें गांव स्पेनच्या दक्षिणेस, अँडालुशिया प्रांतांतील मालागा जिल्ह्यांत, डोंगराळ मुलखांत वसलेलें आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सातशें मीटरांहून अधिक आहे. ग्वादालेविन नदीनें तेथील पठार मधोमध चिरून एक खोल घळ पाडली आहे. घळीच्या एका कांठावर मुसलमानी अमदानीपासूनचें जुनें गांव आणि दुसऱ्या कांठावर मागाहून वाढलेली पेठ, अशी त्याची रचना आहे. या दोन भागांस जोडणारा पूल १७९३ मध्यें पुरा झाला. त्याची उंची ९८ मीटर आहे आणि सव्वादोनशें वर्षें उलटून गेलीं तरी लोक त्याला अद्याप 'नवा पूल' असेंच म्हणतात. याच्या पूर्वीं तेथें घाईघाईनें बांधलेला एक पूल १७४१ मध्यें कोसळून पन्नासांच्या सुमारास माणसें प्राणांस मुकलीं. आमचें रिंगण आहे तें पेठेच्या बाजूला, पुलापासून थोड्याच पावलांवर.

१४८५ मध्यें राजा फर्दिनंद व राणी इझाबेला यांनीं हें गांव मुसलमानांकडून जिंकून घेतलें. पुढें शंभर वर्षांच्या आंतच स्पेनचा राजा दुसरा फिलिप यास अशी चिंता वाटूं लागली कीं, घरच्या लढाया संपल्यामुळें आपले सरदार घोड्यावरची मांड विसरत चालले आहेत. त्यानें १५७२ मध्यें शहरोशहरींच्या सरदारांस आज्ञा केली कीं, मंडळें स्थापून अश्वविद्येचा व शस्त्रांचा सराव चालूं ठेवावा. त्या आज्ञेस अनुसरून १५७३ मध्यें रोंदा येथें जें मंडळ निघालें तेंच आजचें 'रेआल मायेस्त्रान्सा दे काबायेरिया', म्हणजे राजमान्य अश्वविद्यामंडळ. रिंगणाची मालकी आजही या मंडळाकडेच आहे. तेव्हां वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी पहिली गोष्ट ही कीं, या संस्थेचा जन्म वळूला मारण्यासाठीं झालेला नाहीं, घोडा फिरविण्यासाठीं झालेला आहे. रागावलेलें जनावर अंगावर येत असतां घोडा बिचकतो कीं स्वाराचें ऐकतो, याची परीक्षा घेण्यास वळू हें एक साधन होतें.

हा उमरावी खेळ पूर्वींही सर्वांस मान्य होता असें नाहीं. खुद्द रोमच्या धर्मगुरूनें, म्हणजे पांचव्या पायस यानें, १५६७ मध्यें फर्मान काढून असल्या खेळांस मुभा देणाऱ्या राजांस धर्मबहिष्काराचा धाक घातला होता. स्पेनच्या राजानें तें फर्मान मनावर घेतलें नाहीं, व आठच वर्षांनीं पुढच्या धर्मगुरूनें तें सैल केलें. जें काम धर्माज्ञेनें झालें नाहीं तें अठराव्या शतकांत दरबारी आवडीनिवडीनें अर्धेंमुर्धें केलें. फ्रान्सच्या राजघराण्यांतून आलेल्या पांचव्या फिलिपला हा खेळ रुचत नसे. राजाची नापसंती पाहून सरदार मागें सरले. परंतु त्यांच्या घोड्यामागें पायीं धांवणारे जे साधे चाकर होते ते रिंगणांतच राहिले. सरदारांचा खेळ अशा रीतीनें सामान्य माणसाचा धंदा झाला.

या स्थित्यंतरांत रोंद्याच्या एका कुटुंबाचें नांव मुख्यत्वें घेतलें जातें. फ्रान्सिस्को रोमेरो हा मूळचा सुतार होता असें सांगतात. काठीवर पसरलेलें लहानसें फडकें, ज्यास 'मुलेता' म्हणतात, तें डाव्या हातांत धरून, उजव्या हातांतील तरवारीनें वळूस समोरासमोर उभें राहून मारण्याची रीति त्यानें पाडली, अशी परंपरा आहे. त्याचा मुलगा ह्वान यानें मदतनिसांचा ताफा नीट बांधला. आणि नातू पेद्रो रोमेरो, जन्म १७५४, यानें त्या धंद्यास शास्त्राचें रूप आणलें. आजा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या एकाच विद्येंत घालविणारें हें घराणें पाहिलें म्हणजे आपल्याकडील गवयांच्या किंवा वैद्यांच्या घराण्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं.

आतां इमारतीकडे वळूं. मंडळानें १७७९ च्या सुमारास हें काम हातीं घेतलें. नव्या पुलाचा शिल्पकार होसे मार्तिन दे आल्देवेला याच्याकडेच सामान्यतः या रिंगणाच्या रचनेचें श्रेय दिलें जातें. १७८४ मध्यें पहिला खेळ झाला, तेव्हां बैठकीचा कांहीं भाग कोसळला. मग दुरुस्ती होऊन १७८५ च्या मे महिन्यांत पुनः उद्घाटन झालें. आंतील वाळूच्या वर्तुळाचा व्यास ६६ मीटर आहे. माद्रिद येथील १९३१ मधलें 'लास व्हेंतास' हें स्पेनमधलें सर्वांत मोठें रिंगण. त्यांत वीस हजारांहून अधिक प्रेक्षक मावतात, पण त्याचा वाळूचा भाग रोंद्याच्या मानानें लहानच आहे. याच्या उलट रोंद्यास माणसें बसतात अवघीं पांच हजार. असें कां, याचें उत्तर वर आलेंच आहे. ही जागा घोडा दौडविण्यासाठीं मापली होती, तिकिटें विकण्यासाठीं नव्हे.

बैठकीच्या दोन माड्या आहेत आणि प्रत्येक माडीवर पायऱ्यांच्या पांच पांच ओळी. १३६ दगडी खांब मिळून ६८ कमानी झाल्या आहेत. खांब साधे, गोल, बिननक्षीचे. छप्पर सगळीकडून असल्यामुळें येथें उन्हांत बसणारा व सावलींत बसणारा असा भेद इतर रिंगणांइतका उरत नाहीं. वाळूच्या कडेनें दगडाचींच दोन वलयें असून त्यांच्या मधून माणसें वावरतात. अन्यत्र हें कुंपण लांकडी असतें. वळूंचा इतका धुमाकूळ जेथें चालावयाचा तेथें शिल्पकारानें कोठेंही वळूचें भयानक मुंडकें कोरून ठेवलें नाहीं कीं भडक रंग फांसला नाहीं. सगळी शोभा आहे ती प्रमाणबद्धतेची. आमच्या मातुःश्रींस देवळाचा भास झाला, यांत त्यांची चूक मुळींच नव्हती. बांधणाऱ्यांनीं तें देवळाच्याच निष्ठेनें बांधलें आहे.

उद्घाटनाच्या खेळांत दोन नामांकित झुंजार उतरले: रोंद्याचा पेद्रो रोमेरो व सेव्हिलचा पेपे इय्यो. दोघांच्या रीति अगदीं भिन्न होत्या. पेपे इय्यो चपळ, हौशी, लोकांना खूष करणारा. रोमेरो संथ व मोजका. पाय न हालवितां उभें राहावें, वळूस आपणांवर येऊं द्यावें आणि त्याच्याच वेगावर तरवार चालवावी, ही त्याची पद्धति. पेपे इय्योच्या नांवानें १७९६ मध्यें या विद्येवर एक ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पांचच वर्षांनीं, १८०१ मध्यें, माद्रिदच्या रिंगणांत वळूच्या शिंगांनीं त्याचा अंत झाला. उलट रोमेरोनें १७९९ मध्यें धंदा सोडला तोंवर साडेपांच हजारांहून अधिक वळू मारले होते असें सांगतात, आणि या साऱ्या काळांत शिंगाची गंभीर इजा त्याला कधीं झाली नाहीं. १८३० मध्यें राजा सातवा फर्दिनंद यानें सेव्हिल येथें झुंजीची सरकारी शाळा काढली, तेव्हां तिचा प्रमुख म्हणून पंचाहत्तरी उलटलेल्या रोमेरोची नेमणूक झाली. त्याच वर्षीं त्याच राजानें देशांतील विद्यापीठें मात्र बंद करविलीं! शाळा चार वर्षांत बंद पडली व १८३९ मध्यें रोमेरो वारला.

फ्रान्सिस्को गोया या थोर चित्रकारानें रोमेरोचें एक चित्र काढलें आहे. तें आज अमेरिकेंत फोर्ट वर्थ येथील किंबेल संग्रहालयांत आहे. चेहरा शांत, हात मृदु; हजारों जनावरें मारणारा हा माणूस आहे, असें तें चित्र पाहून कोणासही वाटणार नाहीं. याच गोयानें १८१६ मध्यें वळूच्या झुंजींवर ३३ चित्रांची एक माला छापून प्रसिद्ध केली. तींत रोमेरोचें कसब आहे, तसेंच जखमी घोडे व गर्दींत घुसलेला वळूही आहे; आणि मालेचें शेवटचें चित्र आहे तें पेपे इय्योच्या मृत्यूचें. गोया स्वतः या खेळाचा मोठा शोकी होता. पण शोकी असून त्यानें डोळे झांकून घेतले नाहींत, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

आतां रिंगणांत प्रत्यक्ष काय घडतें तें सांगितलें पाहिजे. तें सांगितल्यावांचून बाजू घेणें अप्रामाणिकपणाचें होईल. एका दिवशीं बहुधा तीन झुंजार व सहा वळू असतात. वळू चार ते सहा वर्षांचा, वजनानें साधारण पांचशें किलोंचा. आपल्याकडील बैलासारखें उंच वशिंड त्याला नसतें, पण मानेवर मांसाचा जाड उंचवटा असतो. त्याचें संगोपन मोकळ्या कुरणांत होतें, व पायीं उभ्या असलेल्या माणसाशीं त्याची पूर्वीं कधींही गांठ पडूं दिलेली नसते. कारण हें जनावर लवकर शिकतें, आणि एकदां शिकलें म्हणजे फडकें सोडून माणसावरच जातें. लोक समजतात कीं तें तांबड्या रंगानें चवताळतें. खरें पाहतां तांबडा रंग त्यास वेगळा ओळखूं येत नाहीं, त्यास चेतविते ती फडक्याची हालचाल.

खेळाचे तीन भाग असतात. पहिल्यांत घोडेस्वार लांब भाल्यानें वळूच्या मानेचा तो उंचवटा भोंसकतो, म्हणजे रक्त जाऊन मान खालीं येते. दुसऱ्यांत रंगीत कागदांनीं मढविलेल्या काट्यांच्या काठ्या, जोडीजोडीनें, त्याच जागीं रोंवतात. तिसऱ्यांत झुंजार एकटा मुलेता घेऊन पुढें होतो. लोक ज्याला कला म्हणतात ती येथें दिसते. शिंगाचें टोंक कमरेपासून चार बोटांवरून जात असतां माणूस जागचा हालत नाहीं, आणि पांचशें किलोंचें जनावर त्याच्या मनगटाच्या तालावर त्याच्याभोंवतीं फिरत राहतें. मग खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्यें तरवार. मान अगोदरच खालीं आलेली असल्यामुळेंच त्या शिंगांवरून हात पोंचतो. तरवार नीट बसली तर वळू लवकर कोसळतो. नाहीं बसली तर पुनः पुनः वार होतात, आणि तें दृश्य त्या खेळाच्या भक्तांसही पाहवत नाहीं. शेवटीं खेचरें जुंपून धूड फरफटत बाहेर नेतात व मांस विकलें जातें. झुंजाराचें काम विशेष वठलें तर वळूचा कान त्यास बक्षीस मिळतो. एखादा वळू असामान्य शौर्य दाखवील तर त्यास जीवदान देतात. पण असा प्रसंग फारच विरळा. एका वळूस सारी मिळून वीस मिनिटें लागतात.

या खेळाचे पुरस्कर्ते अडाणी नाहींत. त्यांचें म्हणणें ऐकण्याजोगें आहे. ते म्हणतात कीं, हा वळू चार वर्षें राजासारखा रानांत चरतो, आणि खाटीकखान्याची गुरें त्याच्या निम्म्या वयांत, कोंडवाड्यांतून निघून, कोणी न पाहतां मरतात. मग निर्दय कोण? झुंज बंद झाली तर या जातीची पैदास कोण करील? आणि येथें मारणारा आपलाही प्राण पणास लावतो. अमेरिकन ग्रंथकार हेमिंग्वे यानें १९३२ मध्यें या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. ज्यास आयुष्यांत एकच झुंज पाहावयाची आहे त्यानें ती रोंदा येथें पाहावी, असा सल्ला त्यानें त्यांत दिला आहे.

यांतील पहिला मुद्दा वजनदार आहे हें आम्ही मान्य करतों. परंतु प्राण पणास लावण्याचा मुद्दा आम्हांस पटत नाहीं, आणि तो खोडून काढावयास आम्हांस रोंद्याबाहेर जावयास नको. एका पारड्यांत साडेपांच हजार वळू आणि दुसऱ्या पारड्यांत रोमेरोचें धडधाकट शरीर! ज्या आंकड्यानें त्या पुरुषाचें कसब सिद्ध होतें त्याच आंकड्यानें हेंही सिद्ध होतें कीं ही बरोबरीची झुंज नव्हे. विद्या जसजशी पूर्णत्वास गेली तसतसें जनावराच्या बाजूचें उरलेंसुरलें न्यायाचें माप कमी होत गेलें. रोमेरोची कीर्ति खरी आहे. पण तिला 'युद्ध' हें नांव खरें नाहीं. तें अत्यंत देखणें, अत्यंत शिस्तीचें, पण आधींच ठरलेलें मरण आहे.

हें कांहीं आम्हींच प्रथम म्हणत नाहीं. स्पेनच्या लोकांनीं हा वाद आपसांत पिढ्यानपिढ्या घातला आहे. ज्या १७८५ सालीं रोंद्याचें रिंगण उघडलें त्याच सालच्या नोव्हेंबरांत राजा तिसरा चार्ल्स यानें वळू मारण्याच्या खेळांवर बंदी घालणारा हुकूम काढला. धर्मादाय कामाच्या नांवाखालीं सूट मिळे म्हणून तो पुरता अमलांत आला नाहीं. १८०५ मध्यें त्याच्या मुलानें पुनः बंदी केली. तीही टिकली नाहीं. पूर्वीं भालेवाल्याच्या घोड्यास कसलेंच संरक्षण नसे, व एका खेळांत वळूंपेक्षां घोडेच अधिक मरत. १९२८ मध्यें घोड्याच्या अंगावर जाड गादी घालणें सक्तीचें झालें. कॅटलोनियाच्या विधिमंडळानें २०१० मध्यें झुंजींवर बंदी घातली, ती २०१२ पासून लागू झाली. २०१३ मध्यें मध्यवर्ती कायद्यानें झुंजीस राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा ठरविलें आणि २०१६ मध्यें तेथील घटनान्यायालयानें कॅटलोनियाची बंदी रद्द केली. मग २०२४ मध्यें मध्यवर्ती सांस्कृतिक मंत्रालयानेंच झुंजीसाठींचा राष्ट्रीय पुरस्कार बंद केला. एकाच देशाचें एकच मन दोन्हीं बाजूंस ओढलें जात आहे, असें हें चित्र आहे.

घरोघरचें मनही असेंच ओढलें जात असेल. रोंद्यांत रोमेरोनंतरचें मोठें घराणें ओर्दोन्येस यांचें. कायेतानो ओर्दोन्येस हा १९०४ मध्यें रोंदा येथें जन्मला; हेमिंग्वेनें १९२६ च्या आपल्या कादंबरींत त्यालाच समोर ठेवून पेद्रो रोमेरो नांवाचा झुंजार रंगविला. त्याचा मुलगा आंतोनियो बापाहूनही नांवाजला. रोमेरोच्या जन्मास दोनशें वर्षें झालीं म्हणून १९५४ मध्यें गोयाकालीन पोशाखांतील जो खेळ सुरू झाला आणि जो पाहावयास आमच्या पुतण्याचे मित्र निघाले आहेत, तो या आंतोनियोच्या नांवाशीं कायमचा जोडला गेला. १९९८ मध्यें तो वारल्यावर त्याच्या अस्थि रोंद्याच्या रिंगणाच्या वाळूखालींच ठेवण्यांत आल्या. आंतोनियोच्या कन्येचा विवाह ज्या झुंजाराशीं झाला होता तो पाकिर्री १९८४ मध्यें पोसोब्लांको येथील रिंगणांत वळूच्या शिंगानें जखमी होऊन मेला. तरीही त्याचे दोघे मुलगे पुढें याच धंद्यांत शिरले. घराण्याची विद्या आणि घराण्याचें दुःख हीं दोन्हीं एकाच दारानें घरांत येतात. त्या मुलांच्या आईनें व आजीनें रविवारच्या संध्याकाळीं कशा काढल्या असतील, याचा विचार आमच्या वाचक भगिनींना आमच्याहून चांगला करतां येईल.

येथवर लिहून आम्ही थांबलों, कारण दुसऱ्याच्या अंगणांतील वाळू उकरणें सोपें असतें. आपल्याकडे पोळ्याच्या दिवशीं बैलास न्हाऊं घालतात, शिंगें रंगवितात, पुरणपोळीचा घांस भरवितात. हें सारें खरें व गोड आहे. पण बैलगाड्यांच्या शर्यतींत त्याच बैलाची शेंपटी पिरगळून त्यास टोंचणी लावीत, म्हणून २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या शर्यती बंद केल्या होत्या. पुढें महाराष्ट्रानें कायदा दुरुस्त केला, त्या नियमांच्या चौकटींत पुनः चालूं झाल्या, आणि २०२३ मध्यें घटनापीठानें तो कायदा ग्राह्य धरला. गोव्यांत बैल बैलाशीं झुंजविण्याची 'धिरयो' म्हणून चाल होती. तीवर मुंबई उच्च न्यायालयानें १९९६ मध्यें बंदी घातली. हेंही सोडून देऊं. आपण शाकाहारी म्हणविणारीं माणसें ज्या गाईचें दूध दोन वेळ पितों, तिला झालेल्या गोऱ्ह्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न नांगर जाऊन ट्रॅक्टर आल्यापासून आपण किती जणांनीं विचारला आहे? आमच्या मातुःश्रींनीं स्पेनमधल्या वळूविषयीं जो प्रश्न विचारला तोच आमच्या सकाळच्या चहाच्या पेल्यालाही लागू पडतो. तेव्हां आम्ही स्पेनच्या लोकांस क्रूर ठरवावयास बसलेलों नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, जो प्रश्न खरा आहे तो सुंदर कमानींनीं झांकला जात नाहीं, मग त्या कमानी त्यांच्या असोत वा आपल्या.

कोणी म्हणेल, झुंज गेली तर ती वास्तूही जाईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. बार्सिलोना येथील 'लास आरेनास' नांवाच्या जुन्या रिंगणाच्या भिंती राखून आंत २०११ मध्यें बाजारपेठ उघडली. तें आम्हांस फारसें रुचलें नाहीं, पण भिंती वांचल्या. रोंद्याची गोष्ट त्याहून सोपी आहे. तेथें झुंजी होतात त्या वर्षांतून मोजक्याच दिवशीं. उरलेलें वर्षभर लोक येतात ते कमानी पाहावयास आणि १९८४ पासून तेथें असलेलें संग्रहालय पाहावयास. आणि मंडळाची अश्वशाळा त्या आवारांत आजही चालते. ज्या विद्येसाठीं ही जागा मापली गेली ती घोड्याची विद्या रक्त न सांडतां अजून तेथें जिवंत आहे. पूर्वजांचा वारसा चालविणें म्हणजे त्यांनीं केलेली प्रत्येक गोष्ट करीत राहणें नव्हे; त्यांच्या हातचें जें उत्तम तें निवडून घेणें हाच वारसा.

तेव्हां, बाळ, तुला आमचें उत्तर असें: रोंद्यास पुनः अवश्य जा. नव्या पुलावर उभा राहा, त्या रिकाम्या वाळूंत उभा राहा, रोमेरोच्या धैर्याची मनांतल्या मनांत दाद दे. पण झुंजीस जाऊं नये असें आमचें मत आहे. कारण तिकीट काढणारा हा नुसता पाहणारा राहत नाहीं. त्याच्या पैशानेंच पुढचा वळू येतो. मित्र हंसतील, त्यांना शांतपणें कारण सांग, त्यांच्या देशाची निंदा मात्र करूं नकोस, कारण तेच कारण सांगणारीं माणसें त्यांच्याच घरीं पुष्कळ आहेत. हें आमचें मत आहे, आज्ञा नव्हे. तूं मोठा झाला आहेस. आणि इतकें वाचूनही जावेंसें वाटलें तर एवढेंच कर: मुलेता फिरे तोंवर पाहून उठूं नकोस, खेचरें फाटकाबाहेर जाईपर्यंत बैस, आणि मग आजीला पत्र लिही. तिच्या प्रश्नाचें पुरें उत्तर तिला मिळालें पाहिजे.

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं मातुःश्रींस वाचून दाखविला. त्यांनीं तें छायाचित्र पुनः मागून घेतलें, चष्मा लावून बराच वेळ पाहिलें, आणि आमच्या सूनबाईंकडे वळून "आपला दूधवाला गोऱ्ह्यांचें काय करतो ग? उद्यां विचार बरें," असें सांगितलें. आम्हीं दुसऱ्या दिवशीं विचारलें. मिळालेलें उत्तर समाधानकारक नव्हतें, आणि त्यावर काय करावें याचा विचार घरांत अद्याप चालूं आहे. ज्या वाचकांच्या घरीं हा विचार पुढें गेला असेल त्यांनीं आम्हांस अवश्य कळवावें. त्यांचीं पत्रें आम्ही या सदरांतून आनंदानें प्रसिद्ध करूं.